अलिगढचे जखमी कुलगुरू, महाराष्ट्राचे राज्यपाल : नवाब अली यावर जंग

विठ्ठलवाडी, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ या पट्ट्यातून रोज हजारो माणसे लोकलने मुंबईला जातात. त्यांतली कितीतरी कुर्ल्याला किंवा दादरला उतरून वांद्रे पूर्वेच्या कचेऱ्या गाठतात. तिथल्या कचेऱ्यांच्या पत्त्यात एक नाव असते : अली यावर जंग मार्ग. वांद्रे पश्चिमेला रेक्लमेशनच्या बाजूला केंद्र सरकारची एक राष्ट्रीय संस्था आहे. ऐकू न येणाऱ्या, बोलता न येणाऱ्या मुलांची तिथे तपासणी होते आणि या मुलांना शिकवणारे शिक्षकही तिथे घडवले जातात. तिलाही अली यावर जंग यांचेच नाव आहे. पत्त्यात आणि पाटीवर हे नाव रोज वाचले जाते, पण हा माणूस कोण होता, हे विचारले तर उत्तर क्वचितच मिळते.

अली यावर जंग हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे दोन वेळा आणि अलिगढ मुस्लिम विद्यापीठाचे एकदा कुलगुरू होते. पाच देशांच्या राजधान्यांत त्यांनी भारताचे राजदूत म्हणून काम केले. अखेरची जवळजवळ सात वर्षे ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. तरीही मुस्लिम समाजात त्यांच्याविषयी एकमत कधीच झाले नाही. काहींनी त्यांना काळाची पावले ओळखणारा शहाणा माणूस मानले, तर काहींनी आपल्याच माणसांवर उलटलेला सरकारी माणूस. अलिगढमध्ये तर त्यांच्याच विद्यार्थ्यांनी त्यांच्यावर हात उगारला.

रमजान हा कुरआन अवतरण्यास सुरुवात झालेला महिना आहे, आणि त्यातली पहिली आज्ञा वाचण्याची होती. हाच महिना माणसाने स्वतःचा हिशेब मांडण्याचाही आहे. ज्याचे अर्धे आयुष्य विद्यापीठांभोवती गेले आणि ज्याला त्याची किंमत मोजावी लागली, अशा माणसाची आठवण या महिन्यात काढणे म्हणूनच उचित ठरते.

बिलग्रामींचा नातू

अली यावर जंग यांचा जन्म विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला हैदराबादेत झाला. नावातला जंग हा निजामाच्या दरबारातला किताब. घर विद्येचे होते. आईचे वडील सय्यद हुसेन बिलग्रामी, म्हणजे इमाद-उल-मुल्क, हे हैदराबाद संस्थानातले मोठे शिक्षणतज्ज्ञ होते. आई तय्यबा बेगम यांनी मद्रास विद्यापीठाची पदवी घेतली होती. मुसलमान घरातल्या मुलीने पडद्याच्या त्या काळात विद्यापीठाची परीक्षा देणे हीच मोठी गोष्ट होती. हिंदुस्थानातल्या पहिल्या मुस्लिम महिला पदवीधरांत त्यांचे नाव घेतले जाते.

अशा घरातला मुलगा ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात इतिहास शिकला आणि परत येऊन उस्मानिया विद्यापीठात इतिहास शिकवू लागला. त्यांच्या पुढच्या आयुष्याचा उलगडा करायचा, तर हे विद्यापीठ काय होते, ते आधी पाहावे लागते.

उस्मानियाची स्थापना 1918 सालच्या निजामाच्या फर्मानाने झाली. या विद्यापीठाने वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा, विज्ञान हे सारे विषय उर्दूतून शिकवले. इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभाग उघडला, हजारो पारिभाषिक शब्द घडवले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देता येते, हे हिंदुस्थानात इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रथम याच विद्यापीठाने दाखवले. आपल्या मराठवाड्यातले औरंगाबादचे कॉलेज याच विद्यापीठाचे होते. उर्दूचे थोर सेवक मौलवी अब्दुल हक यांनी तिथे प्राचार्यपद सांभाळले.

पण या अभिमानाला दुसरी बाजूही होती. संस्थानातल्या बहुसंख्य प्रजेची मातृभाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. बीड, नांदेड, परभणीच्या मराठी मुलाला संस्थानात राहून उच्च शिक्षण घ्यायचे तर ते उर्दूतूनच घ्यावे लागे. 1938 साली वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही त्या पिढीतले. एकच विद्यापीठ उर्दू बोलणाऱ्याला आईचे घर वाटत होते आणि मराठी बोलणाऱ्याला परके. अली यावर जंग 1945 मध्ये कुलगुरू झाले, ते अशा विद्यापीठाचे.

हैदराबादचे वादळ

कुलगुरुपदाची ही पहिली खेप वर्षभरातच संपली. 1946 मध्ये निजामाने त्यांना आपल्या कार्यकारी मंडळात घेतले. इंग्रज निघण्याच्या तयारीत होते आणि संस्थानाचे पुढे काय, हा प्रश्न दारात उभा होता. जुलै 1947 मध्ये दिल्लीला लॉर्ड माउंटबॅटन यांच्याशी बोलणी करायला जे शिष्टमंडळ गेले, त्यात छत्तारीचे नवाब आणि सर वॉल्टर मॉंक्टन यांच्याबरोबर अली यावर जंगही होते.

15 ऑगस्ट 1947 हा दिवस रमजानच्या अखेरच्या दहा दिवसांत आला होता. एकीकडे मशिदींत शबे कद्रच्या रात्री जागवल्या जात होत्या आणि दुसरीकडे देशाची वाटणी होत होती. हैदराबादने भारतात सामील व्हायचे नाकारले होते. चारही बाजूंनी भारताने वेढलेले आणि समुद्रकिनारा नसलेले हे संस्थान स्वतंत्र राहू शकणार नाही, हे इतिहासाच्या या प्राध्यापकाला दिसत होते. ते समझोत्याच्या बाजूचे होते. पण तोवर मूळ लातूरला वकिली करणाऱ्या कासिम रझवींच्या हाती इत्तेहादुल मुस्लिमीनची सूत्रे गेली होती आणि रझाकारांचा जोर वाढत होता. समझोत्याची भाषा करणारा प्रत्येक जण त्यांच्या लेखी गद्दार ठरला. अली यावर जंग यांच्यावरही हल्ले सुरू झाले आणि त्यांनी त्याच वर्षी राजीनामा दिला. ऑक्टोबरच्या अखेरीस तर दिल्लीला निघालेल्या शिष्टमंडळातल्या छत्तारी आणि मॉंक्टन यांच्या घरांना जमावाने वेढा घातला आणि होत आलेला करार त्या वेळी हुकला.

पुढे काय झाले ते मराठवाड्याला ठाऊक आहे. रझाकारांच्या अत्याचारांनी गावे होरपळली. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेला निजाम शरण आला. त्यानंतर उस्मानाबादपासून नांदेडपर्यंत सूडाची लाट उठली आणि रझाकारांशी काही देणेघेणे नसलेल्या असंख्य गरीब मुसलमानांनी प्राण गमावले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याची पाहणी केली. एका वर्षाच्या हट्टाची किंमत दोन्ही समाजांच्या सामान्य माणसांनी चुकवली.

उर्दू गेली, इंग्रजी आली

नव्या राजवटीने 1948 मध्ये अली यावर जंग यांना पुन्हा उस्मानियाच्या कुलगुरुपदी आणले. 1952 पर्यंत ते तिथे होते. याच काळात विद्यापीठाचे उर्दू माध्यम जाऊन इंग्रजी आले.

उर्दूप्रेमींच्या मनातला सल तेव्हापासूनचा. तीस वर्षे खपून उभे केलेले ग्रंथ आणि घडवलेले शब्द एकाएकी निरुपयोगी झाले होते. उर्दूतून शिकलेल्या तरुणांना नोकरीचे दरवाजे बंद होऊ लागले. ज्या घरातल्या आजोबांनी हैदराबादच्या विद्येची पायाभरणी केली, त्याच घरातल्या नातवाच्या कारकिर्दीत हे झाले, हे अनेकांना सहन झाले नाही.

दुसरी बाजू अशी, की उर्दू माध्यम निवडणुकीच्या लोकशाहीत टिकणे अवघडच होते. तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी प्रजा आता मतदार झाली होती. शिवाय एका भाषेच्या जागी दुसरी प्रादेशिक भाषा आणली असती, तर बाकीच्या दोघी नाराज झाल्या असत्या. इंग्रजी कोणाचीच मातृभाषा नव्हती, म्हणून निदान तिच्यापुढे सगळे सारखे होते. विद्यापीठ बंद पडले नाही, फुटले नाही, हे त्या चार वर्षांचे श्रेय. पण देशी भाषेतून उच्च शिक्षणाचा एक मोठा प्रयोग तिथेच थांबला, हेही खरे.

काहिरा ते पॅरिस

1952 नंतर पंडित नेहरूंनी त्यांना परराष्ट्र सेवेत घेतले. अर्जेंटिनानंतर 1954 ते 1958 ते इजिप्तमध्ये राजदूत होते. नासर यांनी सुएझ कालवा राष्ट्रीयीकृत केला आणि ब्रिटन, फ्रान्स, इस्रायल यांनी 1956 मध्ये इजिप्तवर हल्ला चढवला, तेव्हा भारताची बाजू काहिऱ्यात तेच सांभाळत होते. पुढे टिटोंचे युगोस्लाव्हिया आणि त्यानंतर फ्रान्स. अलिप्ततावादाचे तीन खांब म्हणजे नेहरू, नासर आणि टिटो. त्यांतल्या दोघांच्या राजधानीत नेहरूंचा माणूस म्हणून त्यांनी काम केले. 1959 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. 1965 मध्ये फ्रान्सहून त्यांना परत बोलावण्यात आले, ते अलिगढसाठी.

25 एप्रिल 1965

सर सय्यद अहमद खान यांनी 1875 मध्ये लावलेल्या रोपाचे 1920 मध्ये विद्यापीठ झाले होते. फाळणीनंतर अलिगढकडे संशयाने पाहिले जाई. डॉ. झाकिर हुसेन यांनी 1948 ते 1956 या कठीण काळात ते सावरले. अली यावर जंग यांच्या आधी मुंबईच्या प्रसिद्ध तय्यबजी घराण्यातले बदरुद्दीन तय्यबजी कुलगुरू होते.

वाद पेटला तो प्रवेशावरून. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय अभ्यासक्रमांच्या शंभरातल्या पंचाहत्तर जागा अलिगढमध्येच आधीचे शिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवल्या जात. ही राखीव सोय कागदावर धर्मावर आधारित नव्हती. अलिगढमध्ये शिकलेल्या हिंदू मुलालाही तिचा लाभ मिळे. पण तिथल्या विद्यार्थ्यांत मुसलमान जास्त असल्याने प्रत्यक्षात तिच्यामुळे त्यांना डॉक्टर-इंजिनियर होण्याची वाट मोकळी राहत होती. नव्या कुलगुरूंच्या काळात हे प्रमाण पंचाहत्तरवरून पन्नासवर आणायचे ठरले. देशभरातली हुशार मुले यावीत, दर्जा वाढावा, हा त्यामागचा विचार.

एरवी यावर चर्चा झाली असती, पण काळ साधा नव्हता. 1961 मध्ये जबलपूरला आणि 1964 मध्ये कलकत्ता, जमशेदपूर, रूरकेलाला दंगली झाल्या होत्या. सरकारी नोकऱ्यांत मुसलमान कमी होत चालले होते. उरलेली एक वाटही आता अरुंद होते आहे, अशी भीती तरुणांच्या मनात बसली. कुलगुरूंना रुजू होऊन जेमतेम काही महिने झाले होते. बदलाची गरज त्यांना दिसली, पण त्या बदलामागे उभी असलेली भीती त्यांनी पुरेशी ओळखली नाही, असे म्हणायला जागा आहे.

25 एप्रिल 1965 रोजी विद्यापीठाच्या कोर्टाची, म्हणजे सर्वोच्च सभेची बैठक होती. विद्यार्थ्यांचा मोठा जमाव तिथे जमला. दगडफेक झाली, पोलीस आले, गोळीबार झाला. त्या गोंधळात जमावाने कुलगुरूंना गाठून मारहाण केली. साठीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस गंभीर जखमी झाला.

ज्या समाजात उस्तादाच्या जोड्यांना हात लावणे हा सन्मान मानला जातो, त्या समाजाच्या सर्वांत मोठ्या विद्यापीठात हे घडले. त्या दिवशी विद्यार्थ्यांची मागणी बरोबर होती की चूक, हा प्रश्न दुय्यम झाला. बरोबर असली तरी त्या एका कृत्याने ती हरली.

मुंबईचे छागला आणि दिल्लीचा वटहुकूम

केंद्रीय शिक्षणमंत्री होते मुंबईचे महंमद करीम छागला. 1947 ते 1958 या काळात ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी महिनाभरातच, 20 मे रोजी, वटहुकूम काढून विद्यापीठाचा कारभार बदलला. कोर्टाचे अधिकार काढून घेऊन त्याला केवळ सल्ला देणारे मंडळ केले. नंतर संसदेत तसा कायदाही झाला. मारहाण काही विद्यार्थ्यांनी केली, पण शिक्षा साऱ्या संस्थेला झाली, अशी भावना देशभरच्या मुसलमानांत पसरली. निषेधाच्या सभा झाल्या. रोष छागलांवर जितका होता, तितकाच जखमी कुलगुरूंवरही.

या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. 1967 च्या अझीझ बाशा खटल्यात न्यायालयाने सांगितले, की हे विद्यापीठ केंद्रीय कायद्याने स्थापन झाले आहे, मुसलमानांनी स्थापन केलेले नाही, म्हणून अल्पसंख्याक संस्थेचा घटनात्मक हक्क त्याला नाही. 1981 मध्ये संसदेने कायदा पुन्हा बदलला. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने 1967 चा निर्णय रद्द ठरवला आणि अलिगढच्या दर्जाचा अंतिम प्रश्न दुसऱ्या पीठाकडे सोपवला. 1965 च्या त्या एका दुपारचे पडसाद जवळजवळ साठ वर्षांनीही न्यायालयात उमटत होते.

स्वतः अली यावर जंग यांच्यापुढे एक सोपा मार्ग होता. प्रकृतीचे कारण देऊन पुन्हा एखाद्या दूतावासात निघून जाता आले असते आणि कोणी नावेही ठेवली नसती. ते गेले नाहीत. बरे होऊन अलिगढला त्याच खुर्चीत बसले आणि 1968 पर्यंत त्याच विद्यार्थ्यांमध्ये काम करत राहिले. त्यांचे निर्णय न पटणाऱ्यांनाही ही गोष्ट नाकारता येत नाही. रमजानमध्ये आपण ज्याला सब्र म्हणतो, तो नुसता उपाशी राहण्याचा नसतो. दुखावले गेल्यावरही हातातले काम न टाकणे, हाही सब्रच आहे.

राजभवनात

1968 मध्ये ते अमेरिकेत राजदूत झाले आणि 26 फेब्रुवारी 1970 रोजी महाराष्ट्राचे राज्यपाल. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक.

येऊन अडीच महिनेही झाले नव्हते, तोच 7 मे 1970 रोजी आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली. तिची झळ जळगाव आणि महाडपर्यंत गेली. कल्याण-विठ्ठलवाडीच्या जुन्या लोकांना ते दिवस विसरणे शक्य नाही. हैदराबादची आग पाहिलेल्या माणसाला राज्यपाल म्हणूनही तेच पाहावे लागले. राज्यपालाचे हात घटनेने बांधलेले असतात. कारभार निवडून आलेल्या सरकारचा. दंगलीच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल आजही दंगली कशा घडतात हे समजून घेण्यासाठी अभ्यासला जातो.

1972 चा भीषण दुष्काळ, त्यातून पुढे आलेली रोजगार हमी योजना आणि मग आणीबाणी, हे सारे त्यांच्या कारकिर्दीत घडले. आणीबाणीत ते पदावर राहिले, हेही नोंदवायला हवे. दिल्लीच्या मर्जीतला माणूस, हा त्यांच्यावरचा जुना आक्षेप त्यामुळे पुसला गेला नाही.

राज्यपाल या नात्याने ते राज्यातल्या विद्यापीठांचे कुलपतीही होते. त्यांत 1958 मध्ये स्थापन झालेले औरंगाबादचे मराठवाडा विद्यापीठ होते. ज्या मराठवाड्याच्या मुलांना एके काळी उस्मानियात उर्दूतून शिकावे लागे, त्या मुलांच्या स्वतःच्या विद्यापीठाचे कुलपतीपद उस्मानियाच्या माजी कुलगुरूंकडे आले. फेब्रुवारी 1975 मध्ये पैठणचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. ते हैदराबाद मुक्तिलढ्यात उतरलेले. निजामाच्या मंडळात बसलेल्या नवाबाने निजामाशी लढलेल्या मराठी माणसाला मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. कोणालाच त्यात काही खटकले नाही, हे त्या पंचवीस वर्षांचे यश म्हणायला हवे.

त्यांच्या पत्नी झेहरा अली यावर जंग यांनाही समाजकार्यासाठी 1973 मध्ये पद्मभूषण मिळाले. कन्या बिल्कीस लतीफ पुढे लेखिका म्हणून आणि धारावीतल्या कामामुळे ओळखल्या गेल्या. त्यांचे पती, माजी हवाईदलप्रमुख इद्रिस लतीफ, 1982 मध्ये याच महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. वडिलांच्या राजभवनात मुलगी पुन्हा राहायला आली.

अली यावर जंग यांना मात्र हे पाहायला मिळाले नाही. 11 डिसेंबर 1976 रोजी राज्यपालपदावर असतानाच त्यांचे मुंबईत निधन झाले. 1977 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. वांद्र्याची संस्था त्यांच्या नावाने 9 ऑगस्ट 1983 रोजी सुरू झाली.

त्यांच्या आयुष्याचा हिशेब सोपा नाही. हैदराबादच्या बाबतीत काळाने त्यांची बाजू खरी ठरवली. उर्दूच्या बाबतीत नुकसान खरे होते, मग ते टाळता येण्याजोगे असो वा नसो. अलिगढमध्ये त्यांना मारणारे चुकले. पण त्या तरुणांची भीती खोटी नव्हती, आणि ती कोणी वेळेवर ऐकून घेतली असती, तर कदाचित तो दिवस उजाडलाच नसता. कुलगुरूंचे म्हणणे विद्यार्थ्यांनी ऐकले नाही, विद्यार्थ्यांचे सरकारने ऐकले नाही.

आज त्यांच्या नावाच्या संस्थेत एखादी आई आपल्या बाळाला मांडीवर घेऊन बसते आणि बाळाला पहिल्यांदा आवाज ऐकू येतो का, याची वाट पाहते. तिथे कोणाचा धर्म विचारला जात नाही. इफ्तारच्या वेळी एका दस्तरखानावर बसलेल्या वेगवेगळ्या मतांच्या माणसांनीही एकमेकांचे तेवढ्याच आतुरतेने ऐकून घेतले, तर या माणसाची आठवण सार्थकी लागेल.